२३ मशीन डोमेनवर नेताना ठेवलेल्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय. मी बाहेरचा माणूस, आठवड्यातून तीन दिवस येतो. काम असं: इथले सगळे संगणक एका डोमेनवर न्यायचे, म्हणजे सगळ्यांची खाती आणि नियम एकाच सर्व्हरवरून, मधल्या मुख्य संगणकावरून, चालवायचे. आज नुसती मोजदाद केली. तळमजल्यावर १४, पहिल्या मजल्यावर ९, एकूण २३ मशीन. वापरणारी माणसं २२. सगळं वर्कग्रुपमध्ये, म्हणजे प्रत्येक मशीनचा संसार वेगळा. १७ मशीनवर खात्याचं नाव एकच, 'ॲडमिन'. पासवर्डही एकच, संस्थेच्या नावापुढे १२३. तो शिपाईमामांनाही पाठ आहे, कारण सकाळी सगळी मशीन तेच सुरू करून ठेवतात.

२३ पैकी ९ मशीनचे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे. त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. म्हणजे नऊ नवीन घ्यावी लागणार. उरलेल्या १४ पैकी ४ वर होम आवृत्ती आहे. होम डोमेनला जोडताच येत नाही, प्रो करून घ्यावी लागेल. नऊ जुन्यांपैकी एकावर अजून विंडोज ७ आहे. त्याला पासबुक प्रिंटर जोडलेला आहे आणि "ते चालतंय, हात लावू नका" असं काउंटरवरून दोनदा ऐकून घेतलं.

साहेबांची मागणी एका वाक्यात: कोणीही कुठल्याही मशीनवर बसलं तरी त्याची फाइल त्याच्या समोर दिसली पाहिजे. हे वाक्य लिहून ठेवतो. नंतर कामी येईल, किंवा गळ्यात येईल.

६ ऑगस्ट, बुधवार

आज एकाच प्रश्नावर दिवस घालवला. रोमिंग प्रोफाइल (माणसाच्या फाइली आणि सेटिंगचं सगळं गाठोडं त्याच्या मागे फिरणारं) ठेवायचे की फोल्डर रिडायरेक्शन (ठरावीक फोल्डर तेवढे सर्व्हरवर वळवणं).

साहेबांचं वाक्य ऐकलं की पहिल्यांदा रोमिंगच डोक्यात येतं. माणूस लॉगिन करतो, त्याचा प्रोफाइल सर्व्हरवरून मशीनवर उतरतो, लॉगऑफ केलं की परत वर जातो. कागदावर सुंदर दिसतं. पण प्रोफाइल म्हणजे चार फाइली नव्हेत. त्यात त्या माणसाच्या रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीची, एनटी-यूजर फाइल असते, ॲप-डेटा या फोल्डरातला प्रोग्रामांचा सगळा पसारा असतो, आणि डेस्कटॉपवर टाकलेले मुलीच्या लग्नाचे व्हिडिओही असतात. हे सगळं रोज वर-खाली करायचं. शिवाय संध्याकाळी सहाला सगळे एकदम उठतात, लॉगऑफचा चाक फिरत राहिला की हात थेट पॉवर बटणावर जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, रोमिंगचा फोल्डर विंडोजच्या आवृत्तीला बांधलेला असतो. विंडोज ७ त्याच्या नावापुढे व्ही-२ लावतं, विंडोज १० ची १६०७ पासूनची आवृत्ती आणि विंडोज ११ व्ही-६ लावतात. म्हणजे काउंटरच्या त्या विंडोज ७ वर बसणाऱ्याला तिथे दुसराच, रिकामा प्रोफाइल मिळणार. आणि सगळ्यात गंमत म्हणजे लोकांना जे हवं असतं, क्रोममधले बुकमार्क, ते ॲप-डेटातल्या लोकल भागात राहतात. लोकल भाग रोमिंगमध्ये प्रवासच करत नाही. मग एवढी हमाली कशाला?

ठरलं: रोमिंग नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढे दोनच फोल्डर सर्व्हरवर वळवायचे. बाकी प्रोफाइल त्या त्या मशीनवर. तो उडाला तर नवा करून द्यायचा, रडायचं नाही.

साहेबांना सांगताना "फाइल दिसेल, पण सगळं जसंच्या तसं दिसणार नाही" हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. पहिला भाग ऐकून हलवली की दुसरा, ते कळलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सर्व्हर बसवला, पहिल्या मजल्यावर. लेखा विभागाने तळमजल्याच्या जिन्याखालची जागा सुचवली होती. २०१९ च्या महापुराची पाण्याची रेघ त्या भिंतीवर रंगाखालून अजून दिसते, म्हणून तो विषय दोन मिनिटांत मिटला.

सर्व्हर २०२२ ची एसेन्शियल्स आवृत्ती. २५ माणसं, ५० मशीन एवढी मर्यादा, पण प्रत्येकाचा वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. २२ माणसं आहेत, बसतात. उद्या शाखा जोडायच्या म्हटलं तर ही आवृत्ती पुरणार नाही, हे ईमेलने कळवून ठेवलं. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

लॉगिनची नावं काय ठेवायची यावर चर्चा. नाव-आडनाव नको म्हटलं. एकाच आडनावाचे पाच जण आहेत, दोघींची लग्नं याच वर्षी आहेत, आणि खात्याचं नाव बदललं तरी सी ड्राइव्हवरच्या प्रोफाइल फोल्डरचं नाव बदलत नाही, तिथे जुनं माहेरचंच राहतं. म्हणून कर्मचारी क्रमांक. लेखा विभागातले काका म्हणाले, "म्हणजे आता आम्ही कैदी नंबर एकशे सात." काकांचं निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, ते काहीही बोलू शकतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

सगळी २२ खाती एका बैठकीत तयार केली. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारी टिकमार्क काढून टाकली. चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिले. आधीच लोकांना नवं लॉगिन, त्यात पहिल्याच दिवशी पासवर्डचं लचांड नको असा विचार केला.

पाच मशीन डोमेनला जोडायला घेतली. चार लगेच जोडली. पाचवी 'डोमेन सापडत नाही' यावर अडून बसली. केबल बदलली, पोर्ट बदलला, नाव बदललं. अर्ध्या तासाने नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर कोणीतरी कधीतरी डीएनएसच्या (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) जागी हाताने चार आठ टाकून ठेवलेले, म्हणजे गूगलचा डीएनएस. गूगलला जगातलं सगळं माहीत, आमचं डोमेन सोडून. डीएनएस सर्व्हरकडे वळवला, जोडलं गेलं. डोमेन जोडताना काही बिघडलं तर आधी डीएनएस बघ, हे मी स्वतःच नवीन पोरांना शिकवतो. तरी केबल आधी बदलली.

२० ऑगस्ट, बुधवार

मी आज इथे नव्हतो. दुपारी फोन आला. पुढचं फोनवर आणि नंतर प्रत्यक्ष जे कळलं ते.

सकाळी पावणेअकराला लाईट गेली. आस्थापना विभागातल्या ताईंच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती, मशीन धाडकन बंद. लाईट आल्यावर त्यांनी लॉगिन केलं. इंग्रजीत एक खिडकी आली, ती त्यांनी बंद केली. डेस्कटॉप रिकामा, पण समोर वार्षिक सभेची नोटीस टाइप करायची घाई. त्यांनी वर्ड उघडलं, दीड वाजेपर्यंत चार पानी नोटीस टाइप केली, डेस्कटॉपवर सेव्ह केली, साहेबांना दाखवायला एक प्रिंट काढली, आणि "फाइली दिसत नाहीत, एकदा लॉगऑफ करून बघते" म्हणून लॉगऑफ केलं. परत आल्यावर नोटीसही नाही.

त्या खिडकीत लिहिलेलं असतं की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात, इथे केलेलं काम साइन-आउट करताना पुसलं जाईल. विंडोज शब्दाला जागलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ठरलेला दिवस नसताना आलो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीत, यूजर प्रोफाइल सर्व्हिसच्या नावाखाली १५१५ आणि १५११ क्रमांकाच्या नोंदी. पहिली म्हणते प्रोफाइल बाजूला ठेवलाय, दुसरी म्हणते मूळ सापडला नाही म्हणून तात्पुरता दिलाय. रजिस्ट्रीत प्रोफाइल-लिस्टमध्ये ताईंच्या खात्याच्या एकाच लांबलचक क्रमांकाच्या दोन नोंदी, एक साधी आणि एकीच्या शेपटीला 'डॉट बॅक'. शेपटीवाली खरी. साध्या नोंदीचं नाव बदलून बाजूला ठेवलं, खरीची शेपटी काढली, तिच्यातले स्टेट आणि रेफकाउंट हे दोन आकडे शून्य केले, मशीन रीस्टार्ट. ताईंच्या फाइली, आयकॉन, सगळं परत. एनटी-यूजर फाइल धड होती, लाईट आल्यानंतरच्या त्या एका लॉगिनला तेवढी उघडली नाही. अँटिव्हायरस तिला धरून बसला असावा.

नोटीस मात्र परत आली नाही. तात्पुरता प्रोफाइल पुसताना ती फाइल पुसली गेली होती, आणि एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेलं परत खणून काढण्यात अर्थ नसतो. प्रिंट साहेबांच्या टेबलवर होती, लाल पेनाने दुरुस्त्या केलेली. ताईंनी तिच्यावरून पुन्हा टाइप केलं. सभेआधी पूर्ण चौदा दिवस नोटीस जावी लागते, त्या हिशोबाने वेळ होता. ताई माझ्याशी दिवसभर अगदी नम्रपणे बोलल्या, ते जास्त लागलं.

प्रत्येक मॉनिटरच्या खाली आता एक चिठ्ठी चिकटवली आहे, मोठ्या अक्षरात, मराठीत: 'डेस्कटॉप रिकामा किंवा वेगळा दिसला तर काहीही टाइप करू नका. फोन करा.' खाली माझा नंबर. यूपीएसच्या ११ बॅटऱ्यांची मागणी टाकली.

२५ ऑगस्ट, सोमवार

फॉन्ट. हे डोक्यातच आलं नव्हतं.

संस्थेची गेल्या पंधरा वर्षांची पत्रं, ठराव, इतिवृत्तं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट असेल तर अस्खलित मराठी, नसेल तर रोमन चिन्हांचा कचरा. आज कर्ज विभागातल्या दोन मशीनवर नवीन खात्याने लॉगिन केल्यावर सगळी जुनी पत्रं कचरा दिसायला लागली. फॉन्ट त्याच मशीनवर होता! जुन्या खात्यात जाऊन बघितलं तर तिथे व्यवस्थित.

कारण सापडायला तास गेला. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल-क्लिक करून नुसतं इन्स्टॉल दाबलं तर तो फक्त त्या माणसासाठी बसतो. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये न जाता त्याच्या प्रोफाइलमध्ये, ॲप-डेटाच्या लोकल भागात जाऊन पडतो. म्हणजे फॉन्ट मशीनचा नसून माणसाचा. राइट-क्लिक करून 'सगळ्यांसाठी इन्स्टॉल' निवडावं लागतं. सात फॉन्ट गोळा केले, सर्व्हरवर ठेवले, मशीन सुरू होतानाच सगळ्यांसाठी बसवणारी स्क्रिप्ट पॉलिसीत, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना लागू होणाऱ्या नियमांत, टाकली.

कीबोर्डचंही तेच. मराठी कीबोर्ड प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये. कोणी इनस्क्रिप्टवाला, कोणी फोनेटिकवाला, आणि दोन्ही पक्षांचं एकमेकांविषयी मत चांगलं नाही. नवीन प्रत्येक खात्यात मराठी आपोआप यावी म्हणून माझ्या खात्यात इंग्रजी आणि मराठी दोन्ही लावून रीजनच्या सेटिंगमधून कॉपी केलं. तिथे दोन चौकोन असतात, एक स्वागताच्या पडद्यासाठी, एक नवीन खात्यांसाठी. दोन्हींवर टिक केली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. सुट्टी. तरी एक फोन आला, प्रिंटरसाठी. उचलला नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

रिडायरेक्शनची पॉलिसी तिघांवर लावून बघितली. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या.

पॉलिसीत 'वापरणाऱ्याला एकट्याला हक्क' अशी टिक आधीपासून असते. ती तशीच राहिली तर सर्व्हरवर त्याचा फोल्डर प्रशासकालाही उघडत नाही. उद्या कोणी आजारी पडलं आणि साहेबांनी त्याची एक फाइल मागितली की मालकी हिसकावून घेण्यापासून सुरुवात. टिक काढली.

दुसरं, पॉलिसी लावल्यावर पहिल्या लॉगिनला काहीच झालं नाही, दुसऱ्यांदा झालं. विंडोज लवकर लॉगिन करून देण्यासाठी नेटवर्कची वाट न बघता आत सोडतं, आणि फोल्डर वळवण्याचं काम पुढच्या वेळेवर ढकलतं. नेटवर्कची वाट बघायला लावणारी पॉलिसी चालू केली. तोवर एकाचे डोकं खाऊन झालं होतं.

शॅडो कॉपीही (फाइलींची जुनी रूपं सर्व्हरवर जपणारी सोय) चालू केली. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात आणि दुपारी बारा, तिचं ठरलेलं वेळापत्रक. बाराचं एकवर नेलं, जेवायला उठतात तेव्हा.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला नऊ जणांवर रिडायरेक्शन लावलं. आठ जण आत गेले. लेखा विभागातल्या काकांचा स्वागताचा पडदा फिरतोय, फिरतोय. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काका चहा पिऊन आले. पान खाऊन आले.

काकांच्या डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' असा फोल्डर होता, आणि त्यात ३१ जीबीची एक पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवायची फाइल. २०१४ पासूनचे सगळे मेल. आउटलुक पॉप खात्याची (मेल मशीनवर उतरवून घेणाऱ्या) पीएसटी डॉक्युमेंट्समध्येच ठेवतं, आणि मी डॉक्युमेंट्स वळवताना 'आतलं सगळं हलवा' असं सांगितलं होतं. तर लॉगिनच्या वेळी ३१ जीबी सर्व्हरकडे निघाले. बरं, काकांच्या ओळीतला नेटवर्कचा स्विच, केबली जोडणारा डबा, जुना आठ-पोर्टवाला, १०० मेगाबिटचा. त्यातून सेकंदाला साधारण ११ एमबी जातात. ३१ जीबीला अठ्ठेचाळीस मिनिटं. घड्याळ लावून बघितलं तर पन्नास झाली. गिगाबिट स्विच असता तर पाच-सहा मिनिटांत आटोपलं असतं.

पीएसटी सर्व्हरवर ठेवणंही चूकच. नेटवर्कवरून पीएसटी उघडून वापरायला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. फाइल कधी मोडेल सांगता येत नाही. दुपारी ती परत आणून काकांच्या डी ड्राइव्हवर ठेवली, आउटलुकला नवा पत्ता दिला, रात्री तिची प्रत सर्व्हरवर जाईल असं काम लावलं. पुढच्या सगळ्यांसाठी क्रम बदलला: आधी पीएसटी शोधा, बाहेर काढा, मग पॉलिसी लावा. शोधल्यावर आणखी चार सापडल्या.

काकांनी विचारलं, "२०१४ चे मेल ठेवायचे का?" मी म्हटलं तुम्ही ठरवा. "मग राहू दे."

स्विच बदलण्याची मागणी टाकली.

८ सप्टेंबर, सोमवार

क्रोममधले पासवर्ड. लेखा विभागातल्या ज्या ताई जीएसटी आणि टीडीएस बघतात, त्यांचे सगळे पोर्टलचे पासवर्ड क्रोमने लक्षात ठेवलेले. कागदावर एकही नाही. जुन्या खात्याचा क्रोमचा फोल्डर नव्या खात्यात नेला. बुकमार्क आले, पासवर्डच्या जागी शून्य.

ते पासवर्ड ज्या किल्लीने बंद असतात ती किल्ली विंडोजच्या त्या विशिष्ट खात्याला आणि त्या खात्याच्या पासवर्डला बांधलेली असते. कुलूप उचलून आणलं, किल्ली जुन्या घरीच राहिली. जुनं खातं अजून पुसलं नव्हतं. त्यात लॉगिन करून क्रोममधून पासवर्डची यादी फाइलमध्ये काढली, नव्या खात्यात भरली, फाइल तिथल्या तिथे कायमची पुसली. सुदैव असं की ताईंना जुन्या खात्याचा पासवर्ड आठवत होता. मी बाहेरून रीसेट केला असता तर किल्ली तिथेही निकामी झाली असती.

नियम: जुनं लोकल खातं ३० दिवस पुसायचं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

नऊ नवीन मशीन आली. यूएसएमटी या मायक्रोसॉफ्टच्या प्रोफाइल हलवणाऱ्या साधनाने जुन्यांवरचे प्रोफाइल उचलून सर्व्हरवर, तिथून नव्यावर. त्यात जुन्या लोकल खात्याचा माल थेट नव्या डोमेन खात्याच्या नावावर उतरवता येतो, ती सोय फार चांगली. प्रिंटर येत नाहीत, ते पॉलिसीतून देतोय. दिवसाला तीन मशीन. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल वार्षिक सभा झाली. आज घटस्थापना. कार्यालय अर्धं रिकामं, म्हणून चार मशीन विंडोज ११ वर नेली, २४-एच-२ आवृत्ती. दुपारी झेरॉक्स मशीनवरून स्कॅन येणं बंद. ते मशीन पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून शेअर फोल्डरमध्ये फाइल टाकायचं. नवीन आवृत्ती पाहुण्यांना दारातच थांबवते. बरोबरच आहे. झेरॉक्स मशीनला मेलने स्कॅन पाठवायला लावलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी १०:०५ ते ११:२० या वेळात १९ फोन.

डोमेनच्या मूळ पॉलिसीत पासवर्डची मुदत ४२ दिवसांची असते. मी १८ ऑगस्टला सगळी खाती एका बैठकीत केली, पहिल्या लॉगिनला बदलायची टिक काढून. १८ ऑगस्ट अधिक ४२ म्हणजे आज. अख्ख्या कार्यालयाचे पासवर्ड एकाच सकाळी संपले. पाच दिवस आधीपासून विंडोज कोपऱ्यात सूचना देत होतं, पण कोपऱ्यात येणाऱ्या सूचना बघण्याची कोणाला सवय नाही. मलाही नाही.

नवीन पासवर्ड किमान सात अक्षरांचा, त्यात मोठं-छोटं अक्षर, आकडा, चिन्ह यांतल्या तीन जाती हव्यात. लोक संस्थेचं नाव आणि १२३ टाकत होते, यंत्र नाही म्हणत होतं, कारण इंग्रजीत देत होतं. शेवटी मी मधल्या जागेत उभा राहून मोठ्याने समजावून सांगितलं. बँकेत टोकन पुकारतात तसं.

तिघांचं मात्र वेगळंच. पासवर्ड बदलला, आत गेले, जेवून आल्यावर तोच पासवर्ड चालेना. तिघंही इनस्क्रिप्टवाले. २५ ऑगस्टला मी स्वागताच्या पडद्यावरही मराठी कीबोर्ड कॉपी केला होता. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. त्यांनी दोन्ही वेळा मराठी कीबोर्डवर टाइप केलं, दोन्ही जुळले, म्हणजे त्यांचे पासवर्ड देवनागरीत झाले. दुपारी कीबोर्ड इंग्रजीवर होता. एका ताईंचा पासवर्ड चाचणीसाठी नोटपॅडमध्ये मराठीत टाइप करून बघितला तर 'म्ल्प' अशा धर्तीचं काहीतरी. सुरक्षित होता हे खरं.

स्वागताच्या पडद्यावरून मराठी काढली. मुदत आणि मर्यादा साहेबांशी बोलून बदलल्या, आणि पुढची मुदत विभागवार वेगळ्या दिवशी येईल अशी वाटणी केली. दोन्ही चुका माझ्या, दोन्ही टिकमार्कच्या. एक काढायची नव्हती, एक लावायची नव्हती.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सगळ्या मशीनना हळदकुंकू, फूल. शिपाईमामांनी सर्व्हरला झेंडूचा भरगच्च हार घातला, नेमका मागच्या पंख्याच्या जाळीवर. मी गेलो तेव्हा पंखा विमानासारखा ओरडत होता. हार काढणं बरं दिसेना, म्हणून मामांनाच म्हटलं, पुढून दर्शन नीट होईल. त्यांनी तो पुढच्या दारावर लावला. पुढूनच हवा आत घेतो तो. मग रॅकच्या वरच्या कोपऱ्याला बांधला.

८ ऑक्टोबर, बुधवार

काउंटरच्या सामायिक मशीनवर जागा संपली. १२८ जीबीची डिस्क, ११ प्रोफाइल, त्यातले चार सोडून गेलेल्यांचे. संध्याकाळी कोणीतरी 'मदत' म्हणून यूजर्स फोल्डरमधून दोन फोल्डर सरळ डिलीट केले. त्यातला एक सोडून गेलेल्याचा नव्हता. फोल्डर गेला तरी रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते, त्यामुळे सकाळी त्या माणसाला पुन्हा तोच तात्पुरता प्रोफाइल. पण या वेळी चिठ्ठी वाचून त्याने फोन केला, आणि त्याच्या फाइली सर्व्हरवर होत्याच. उरलेली नोंद काढली, लॉगिन केलं, नवा प्रोफाइल तयार, डॉक्युमेंट्स जागेवर. बारा मिनिटं.

प्रोफाइल पुसायचा तर सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड भागातल्या यादीतून, हे लिहून काउंटरवर लावलं. मग विचार केला, हे काउंटरवाल्यांना कशाला? कागद काढून घेतला आणि सगळ्यांचे लोकल ॲडमिनचे हक्क काढले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा दिवस. २२ मशीन विंडोज ११ वर. विंडोज ७ आणि त्याचा पासबुक प्रिंटर अजून काउंटरवर, नेटवर्कची केबल काढून, एकटा. त्याच्या जागचं नवीन मशीन शेजारी तयार आहे, प्रिंटरचा ड्रायव्हर दिवाळीनंतर बघू असं ठरलं. दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीनंतरचा पहिला फेरा. सकाळी काकांच्या मशीनचा पॉवर सप्लाय जळला, वास सुटला होता. काकांना शेजारच्या रिकाम्या मशीनवर बसवलं आणि मी खाली स्विच बघायला गेलो. वीस मिनिटांनी फोन, काकांचाच, पहिल्या मजल्यावरून. "या जरा."

काका हाताची घडी घालून बसलेले. समोर त्यांचं लॉगिन, त्यांचे सगळे फोल्डर, सप्टेंबरअखेरचं ताळेबंदाचं एक्सेल, सगळं जागेवर. कीबोर्डला हात लावलेला नाही.

"काय झालं काका? सगळं आलंय की."

त्यांनी मॉनिटरखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. 'किंवा वेगळा दिसला तर'. मग पडद्याकडे. मागे विंडोज ११ चं ते निळं फूल होतं. "माझा विठोबा कुठाय?"

वॉलपेपर प्रोफाइलच्या त्या भागात राहतो जो आपण वळवलेला नाही. ६ ऑगस्टला साहेबांना जे अर्धवट समजलं होतं ते हेच. काकांना रोमिंग वगैरे सांगत बसलो नाही. जळलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्याला लावली, पंढरपूरच्या मूर्तीचा तो फोटो शोधला, त्यांच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवला, आणि राइट-क्लिक करून वॉलपेपर कसा लावायचा ते दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावला. मग डावीकडचे आयकॉन एकेक करून पकडून वर सरकवत बसले, खालचे दोन मूर्तीच्या पायांवर येत होते म्हणून.